घाटात गाडी दमते म्हणून इंजिनाची हवा वाढवावी का?

वाचकाचे पत्र: माझ्याकडे २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, ७६ हजार किलोमीटर झाले आहेत. मी कोल्हापुरात राहतो. सासुरवाडी रत्नागिरीला असल्यामुळे महिन्यातून एकदा तरी आंबा घाटातून जाणे-येणे होते. परतताना चार माणसे, सामान आणि एसी असला की साखरप्याच्या वरच्या चढाला गाडी ओढत नाही, आणि पुढे मालट्रक असला तर ओव्हरटेक करायचे धाडस होत नाही. गाडी नवी असताना एवढी सुस्त नव्हती असेही वाटते. मित्राने त्याच्या पोलो जीटी टीएसआयचे रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणे) करून घेतले आणि तिचा पिकअप पार बदलला. गाड्या मॉडिफाय करून देणाऱ्या एका गॅरेजने मला कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर), ॲल्युमिनियमचा इनटेक पाइप, बोअर मारून मोठी केलेली थ्रॉटल बॉडी आणि फ्री फ्लो सायलेन्सर असे सगळे मिळून ३८ हजारांत सांगितले आहे. १५ अश्वशक्ती वाढेल म्हणतात. दाजी म्हणतात, पैसे पाण्यात जातील. काय करावे?
कोल्हापूरचा एक वाचक

उत्तर

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे कारणे निवांत वाचता येतील: ३८ हजारांचे ते काम करून घेऊ नका. ज्यासाठी तुम्ही ते करू पाहता आहात ते त्यातून मिळणार नाही, आणि जे मिळायला हवे ते याहून फार कमी पैशांत, बरेचसे तर फुकटच मिळण्यासारखे आहे. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. घाटात गाडी ओढत नाही ही एक, आणि नवी असताना ती एवढी सुस्त नव्हती ही दुसरी. पहिली तक्रार गिअरची आहे, दुसरी घाणीची किंवा झिजेची आहे असा माझा अंदाज आहे, आणि हवेच्या वाटा रुंद करण्याचा उपाय या दोहोंपैकी एकीलाही लागू पडत नाही.

गॅरेजवाल्यांचे तत्त्व मात्र चुकीचे नाही, हे आधी मान्य करायला हवे. पेट्रोल इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप आहे. तुमचे इंजिन १,१९७ सीसीचे. चार स्ट्रोकच्या चक्रात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो, म्हणून ६ हजार आरपीएमवर सगळे सिलिंडर काठोकाठ भरतात असे धरले तर हे इंजिन मिनिटाला सुमारे ३,६०० लिटर हवा आत घेते. प्रत्यक्षात भरण थोडी कमी होते, तरी गच्चीवरच्या ५०० लिटरच्या सहा-एक टाक्या मावतील एवढी हवा दर मिनिटाला एअर फिल्टरच्या डब्यातून आणि इनटेकच्या नळीतून जाते. पेट्रोल किती सोडायचे हे त्या हवेवर ठरते. एक भाग पेट्रोल पुरते जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल वाढवणे सोपे असते, हवा वाढवणे अवघड. त्यामुळे जास्त हवा म्हणजे जास्त ताकद हे म्हणणे बरोबरच आहे. प्रश्न एवढाच उरतो, की कंपनीने दिलेली वाट आज ती हवा किती अडवते आहे. ती अडवतच नसेल तर रुंद करून हाती काही लागणार नाही. आणि हा प्रश्न कुणाच्या मतावर सोडायचा नाही, तो मोजता येतो.

मोजण्याची जुनी पद्धत साधी आहे. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात एका पट्टीवर बांधायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचे, एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपला जोडायचे आणि दुसरे मोकळे ठेवायचे. फिल्टर आणि डबा हवा जेवढी अडवतील तेवढा नळीतल्या पाण्याच्या दोन पातळ्यांत फरक पडतो. १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल दाब. हल्ली याहून सोपी सोय झाली आहे. ज्या इंजिनांच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांत हवा वाटणाऱ्या नळ्यांत, दाबाचा सेन्सर असतो त्यांत स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या तपासणीच्या जोडणीला) स्कॅनर लावला की फिल्टरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (पॅडल दाबले की जिच्यातला पडदा उघडून हवा आत सोडतो तिथपर्यंत) सगळ्या वाटेचा मिळून अडथळा मोबाइलवरच दिसतो. चावी फिरवून इंजिन सुरू न करता जो आकडा दिसतो तो बाहेरच्या हवेचा दाब. मग मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पॅडल पूर्ण दाबून इंजिन ५,५०० ते ६ हजार आरपीएमपर्यंत नेताना शेजारी बसलेल्या माणसाने दुसरा आकडा पाहायचा. या दोन आकड्यांतले अंतर म्हणजे हवेच्या वाटेत अडकलेला दाब. यातला कुठलाही आकडा गाडी चालवणाऱ्याने स्वतः पाहू नये.

आता तुमच्या गाडीचा हिशेब करू. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच असल्यामुळे तिथे हवेचा दाब सुमारे ९५ किलोपास्कल असतो. तुमच्या इंजिनाची कंपनीने दिलेली ताकद ६ हजार आरपीएमवर ८३ अश्वशक्ती आहे. समजा पूर्ण पॅडलला मॅनिफोल्डमध्ये साडेब्याण्णव किलोपास्कल दिसले, म्हणजे वाटेत अडीच अडले. माझ्या हाताखालून गेलेल्या या आकाराच्या इंजिनांत, फिल्टर स्वच्छ असेल तर, आकडा बहुधा याच्याच आसपास निघाला आहे. आता जगातला सर्वांत चांगला फिल्टर आणि पाइप लावून ती अडचण शून्यावर आणली, जे कुणालाच जमत नाही, तरी ९५ भागिले ९२.५ म्हणजे पावणेतीन टक्के हवा जास्त मिळेल. ८३ चे पावणेतीन टक्के म्हणजे सव्वादोन अश्वशक्ती. उलट बाजूने पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. एकट्या हवेच्या वाटेतून १५ अश्वशक्ती निघायच्या असतील तर आज त्या वाटेत सुमारे साडेचौदा किलोपास्कल अडलेले असायला हवेत, म्हणजे नळीतल्या दोन पातळ्यांत जवळजवळ दीड मीटरचा, छातीएवढ्या उंचीचा फरक पडायला हवा. एवढी चोंदलेली वाट घेऊन कुठलीही कंपनी गाडी बाजारात आणत नाही.

यावर कुणी म्हणेल की कंपन्या मुद्दाम ताकद दाबून ठेवतात. याच गाडीचा पुढचा इतिहास पाहा. २०२१ मध्ये स्विफ्टला जे ड्युएलजेट इंजिन आले ते तेवढ्याच सीसीचे आहे. त्यात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर आले, आतल्या ज्वलनाची मांडणी नव्याने झाली, आणि एवढे सगळे करून ताकद ८३ वरून ९० झाली. इंजिन घडवणाऱ्यांनी ते मुळापासून बदलून ७ मिळवल्या. मग बाहेरून लावलेल्या एका पाइपने, एका फिल्टरने आणि सायलेन्सरने १५ कशा मिळतील, हे गॅरेजवाल्यांना नम्रपणे विचारा. याच मॉडेलच्या गाडीचा, त्याच दिवशी, त्याच डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधी आणि नंतर काढलेला आलेख दाखवा असे म्हणा. असा आलेख पाहायला मागितला म्हणून राग मानणाऱ्या माणसाकडे इंजिन उघडायला देऊ नये.

तुमच्याच प्रवासात एक चाचणी दडलेली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. रत्नागिरीत समुद्रकाठी हवेचा दाब १०१ किलोपास्कल असतो, कोल्हापुरात ९५. म्हणजे दर वेळी घाट उतरून सासुरवाडीला पोहोचता तेव्हा तुमच्या इंजिनाला एकही रुपया खर्च न करता सुमारे ६ टक्के जास्त हवा मिळते, अडथळा शून्यावर आणणाऱ्या त्या काल्पनिक पाइपच्या दुपटीहून अधिक. रत्नागिरीत फिरताना गाडी बदलल्यासारखी वाटली असे तुम्ही पत्रात कुठेही लिहिलेले नाही. मारुती मंदिराच्या चौकातून निघताना कधी तसे जाणवले होते का, ते आठवून पाहा.

कोन फिल्टरबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त पैसे त्याच्यावरच जातात. तो लावणाऱ्या बहुतेकांना फरक जाणवतो आणि ते खोटे बोलत नसतात. फिल्टरचा मूळ बंद डबा हवा गाळतो आणि शिवाय तिचा आवाज शोषतो. डबा काढला की पॅडल दाबताच इंजिनाचा श्वास घरघर करत थेट कानावर येतो, आणि आवाज वाढला की शरीराला वेग वाढल्यासारखा वाटतो. पण कंपनीच्या डब्याचे नाक पुढच्या जाळीमागे, बाहेरची थंड हवा घेईल असे ठेवलेले असते. उघडा कोन बॉनेटखाली, रेडिएटरच्या आणि एक्झॉस्टच्या उष्णतेत श्वास घेतो. बाहेर ३५ अंश आणि बॉनेटखाली ६० अंश असतील, आणि घाटात ट्रकच्या मागे रांगत चढताना ते सहज होतात, तर त्या गरम हवेची घनता बाहेरच्यापेक्षा साडेसात टक्क्यांनी कमी असते. अडथळा काढून पावणेतीन टक्के कमावायचे आणि उष्णतेत साडेसात घालवायचे, असा हा व्यवहार होतो. तोही नेमका तुम्हाला ताकद हवी असते त्या जागी, कारण घाटात वेग कमी असल्याने बॉनेटखालची गरम हवा निघून जात नाही.

मग पाइप खाली बंपरपर्यंत नेऊन थंड हवा घेऊ, असे सुचवले जाते. तत्त्वतः ते बरे आहे, पण तुम्ही पंचगंगेच्या काठच्या शहरात राहता. २०१९ आणि २०२१ चे महापूर तुम्ही पाहिले असतील. आणि महापुराचे सोडा, जुलैतल्या एका जोरदार पावसातही रस्त्यावर गुडघाभर पाणी साठते. इंजिनाचे नाक बंपरात खाली नेले की एवढे पाणीही आत ओढले जाऊ शकते. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी पिस्टनला वर येऊ देत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो खर्च ३८ हजारांच्या कितीतरी पुढे जातो, आणि इंजिनाचे वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर साध्या विम्यातून तो सहसा मिळतही नाही. मूळ डब्याचे नाक जिथे आहे तिथे ते विचार करूनच ठेवलेले आहे.

धुळीचाही विचार करा. तुमचा रस्ता अर्धा उसाच्या ट्रॉल्यांच्या धुळीतून आणि अर्धा कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीतून जातो. कागदी फिल्टर बारीक कण चांगले अडवतो. तेल लावलेल्या कापसाच्या, ढिल्या विणीच्या कोनातून हवा मोकळी जाते ती काही प्रमाणात बारीक कणही सोडूनच, आणि ते कण सिलिंडरच्या भिंतीला पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. शर्यतीचे इंजिन काही तासांनी उघडून नवे करतात, म्हणून तिथे हे चालते. तुमच्या गाडीला अजून लाखभर किलोमीटर जायचे आहे.

थ्रॉटल बॉडी मोठी करण्याचे काम तर मी अजिबात सुचवणार नाही. पडदा मोठा झाला की पॅडल जरासे दाबल्यावरच आधीपेक्षा जास्त हवा जाते, म्हणून गाडी चपळ झाल्यासारखी वाटते, पण पॅडल पूर्ण दाबल्यावर मिळणारी हवा जवळजवळ तेवढीच राहते. शिवाय पडद्याच्या कोणत्या कोनाला किती हवा जाते याचे कोष्टक ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, मूळ मापाप्रमाणे असते. ते बिघडले की सिग्नलला उभ्या गाडीचे आरपीएम वरखाली व्हायला लागतात. इनटेकच्या पाइपमध्ये बसवायचे पंख्यासारखे तुकडे आणि पॅडलच्या वायरला जोडायचे डबे हेही कुणी सुचवतील. पहिल्याने वाटेत अडथळाच वाढतो, दुसऱ्याने पॅडलचा प्रतिसाद बदलतो, ताकद बदलत नाही.

सायलेन्सरकडे येतो. जळालेला वायू नीट बाहेर पडला नाही तर नवी हवा नीट आत येत नाही, हे खरे. पण पाइप जितका जाड तितका चांगला, हे खरे नाही. चांगल्या एक्झॉस्टमध्ये वायूचा वेग टिकून राहतो आणि एका सिलिंडरचा बाहेर पडणारा लोट पुढच्या सिलिंडरमधला उरलेला वायू आपल्यामागे ओढून नेतो. पाइप फार जाड झाला की हा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमचा जोर कमी होतो, म्हणजे घाटात तुम्ही ज्याच्यावर चढता तोच. मागचा एक डबा बदलून आवाज वाढतो, ताकद नाही. खरा फरक पाडायचा तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू निवळणारा भाग) काढावा लागतो, आणि ते करायचे नाही. त्याने गाडी तुमच्या मागच्या स्कूटरवाल्याच्या आणि त्याच्या पुढ्यात बसलेल्या मुलाच्या नाकात कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले पेट्रोल सोडू लागते.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदी आणि निर्मात्याचे मूळ तपशील यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादा मोडल्याबद्दल कलम १९० चा १० हजारांपर्यंतचा दंड आणि ३ महिने लायसन्स रद्द होणे हे वेगळेच. जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर पोलिसांनी रोलरखाली घातल्याचे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दाव्यात आडवा येऊ शकतो, आणि घाटातून कुटुंबाला घेऊन जाणाऱ्या माणसाने मला वाटते याचाच सर्वांत आधी विचार करावा.

मित्राच्या पोलोची तुलना मनातून काढून टाका. तिच्या इंजिनाला टर्बो आहे. टर्बो बाहेरची हवा दाबून आत भरतो आणि किती दाबायची ते ईसीयूच्या हुकमावर चालते, म्हणून नुसता प्रोग्राम बदलून जास्त दाब मागितला की हवा खरोखर वाढते. तुमचे इंजिन स्वतःच्या श्वासावर चालते. त्याला बाहेरच्या दाबापेक्षा जास्त दाबाची हवा मिळण्याची सोयच नाही, त्यामुळे रिमॅप करूनही थोडाफारच फरक पडेल. दोन्ही इंजिने १,२०० सीसीच्या आसपासची असली तरी त्यांची जात वेगळी आहे.

आता घाटाकडे वळू, कारण तुमचे खरे दुखणे तिथे आहे. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन सुमारे १,२०० किलो होते. १०० मीटरला ८ मीटर चढ धरला आणि ताशी ४० किलोमीटर वेग धरला, तर नुसते ते वजन वर उचलायला १४ अश्वशक्ती लागतात. रस्त्याचे आणि हवेचे घर्षण वेगळे, पण त्या वेगाला ते थोडेच असते. तुमच्याकडे ८३ आहेत. मग गाडी दमते का? कारण ८३ हा आकडा ६ हजार आरपीएमवरचा आहे. बहुतेक लोक पेट्रोल वाचवायच्या सवयीने तिसऱ्या गिअरमध्ये २ हजार आरपीएमवर चढतात. तिथे इंजिनाने अगदी १०० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) दिला असे धरले तरी हाती २८ अश्वशक्तीच येतात. चढाच्या १४ त्यातून गेल्या, एसीने दोन-तीन घेतल्या, आणि ट्रक ओलांडायला फारसे काही उरत नाही. तेच इंजिन ४,२०० आरपीएमवर ११३ न्यूटन मीटर देते, म्हणजे सुमारे ६७ अश्वशक्ती. एक गिअर खाली टाकून आणि इंजिनाला वर फिरू देऊन जवळजवळ ४० अश्वशक्ती जास्त मिळतात. ओव्हरटेकची जागा दिसल्यावर नव्हे, त्याआधीच, ट्रकच्या मागे पुरेसे अंतर ठेवून दुसरा गिअर घाला, तेवढ्या वेळापुरता एसी बंद करा, आणि समोरचा रस्ता वळणापर्यंत स्पष्ट दिसत असेल तरच पॅडल पूर्ण दाबा. इंजिन मोठ्याने ओरडते म्हणून ते तुटेल अशी भीती बाळगू नका. ऑइल वेळच्या वेळी बदललेले असेल तर ४ हजार आरपीएम हे त्याच्या रोजच्या कामातच बसते.

राहिली दुसरी तक्रार, पहिल्यासारखी पळत नाही ही. तिच्याकडे मी सर्वांत गंभीरपणे पाहतो, कारण ७६ हजार किलोमीटरनंतर काही घोडे खरोखर हरवलेले असू शकतात. उसाचा हंगाम संपताना माझ्याकडे शिरोळ तालुक्यातली अशीच एक स्विफ्ट आली होती, तिच्या मालकालाही कोन फिल्टरच हवा होता. आम्ही आधी स्कॅनर लावला. पूर्ण पॅडलला मॅनिफोल्डचा दाब ८६ च्या वर जाईना, म्हणजे वाटेत ९ किलोपास्कल अडत होते. फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या तर कागदाच्या घड्या धुळीने तपकिरी झालेल्या होत्या, आणि पुढच्या नाकात बोट घातले तर हाताला काहीतरी मऊ लागले. उंदराने तिथे उसाचे पाचट कोंबून घरटे केले होते. वाळलेली पाने, सुतळीचा तुकडा आणि कुठल्यातरी कापडाच्या चिंध्या बाहेर काढल्या, नाक पुसले, कंपनीचा नवा कागदी फिल्टर घातला आणि तीच चाचणी पुन्हा घेतली तेव्हा दाब ९३ वर आला. ८६ वरून ९३ म्हणजे ८ टक्के हवा, साडेसहा अश्वशक्ती, आणि खर्च हजार रुपयांच्या आत. मालकाने गाडी फिरवून आणली आणि कोन फिल्टरचा विषय पुन्हा काढला नाही.

लक्षात घ्या, की अशा चोंदलेल्या फिल्टरने इंजेक्शनच्या गाडीचे मायलेज फारसे घटत नाही, कारण रोजच्या चालीत थ्रॉटलचा पडदाच हवा अडवून धरत असतो. तोटा दिसतो तो पॅडल पूर्ण दाबल्यावर, आणि आपण पॅडल पूर्ण दाबतो ते घाटात. म्हणून मायलेज तर ठीक आहे, मग फिल्टर चांगलाच असेल, असा निष्कर्ष काढू नका.

दाब ठीक निघाला तर पुढे शोधायचे. पॅडलखाली जाड रबरी मॅट सरकून आली आहे का ते पाहा. पॅडल पूर्ण दाबूनही स्कॅनरवर थ्रॉटल ८० टक्क्यांवर अडकलेले मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. स्पार्क प्लग कधी बदलले ते आठवा. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न टेकवता नेऊन पाहा, एखादे जास्त तापलेले असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. चौथ्या गिअरमध्ये पॅडल दाबल्यावर आरपीएम वाढतात पण वेग त्या मानाने वाढत नाही असे झाले तर क्लच घसरतो आहे, आणि घाटात अर्धा क्लच धरून उभे राहणाऱ्यांचा तो लवकर जातो. हे सगळे ठीक असेल तर चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब धरून ठेवण्याची क्षमता, तपासून घ्या.

इथेनॉलबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण हल्ली प्रत्येक सुस्त गाडीचे खापर त्याच्यावर फुटते म्हणून सांगतो. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा थोडी कमी असल्याने मायलेज काही टक्क्यांनी घटते. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, आणि ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून पेट्रोल वाढवून हिशेब जुळवून घेतो, त्यामुळे पूर्ण पॅडलवरची ताकद त्याने लक्षात येण्याइतकी पडत नाही. २०१८ च्या गाडीत रबरी नळ्या आणि फ्युएल पंप यांच्यावर लक्ष ठेवणे मात्र योग्य आहे.

एवढे वाचून तुम्हाला वाटेल की मी इंजिनाच्या कामाच्याच विरोधात आहे. तसे नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ओतकाम होते, परिसरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि हेडचे काम हाताने करणारे कसबी लोक कोल्हापुरात आहेत याचा मला मनापासून अभिमान वाटतो. बंदिस्त ट्रॅकवर पळवायची वेगळी गाडी असेल तर सगळ्यांत जास्त हवा सापडते ती सिलिंडर हेडमध्ये, व्हॉल्व्हच्या मागच्या दोन बोटे अंतरात: व्हॉल्व्हची सीट तीन कोनांत कापणे, पोर्टच्या आतल्या वळणाची धार गोलावणे, हे ते काम. पोर्ट आरशासारखा चकचकीत करणे नव्हे, इनटेकच्या पोर्टला तर थोडा खरखरीतपणा बरा, पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून राहत नाहीत. त्याच्या जोडीला कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन, हेडर्स (एक्झॉस्टचे खास पाइप) आणि त्या सगळ्याला जुळवलेला ईसीयू, असे एकत्र केले तरच प्रत्येक रुपया दुसऱ्याला साथ देतो. एकटा फिल्टर किंवा एकटा पाइप या साखळीतली सर्वांत शेवटची आणि सर्वांत अशक्त कडी आहे. आणि अशा इंजिनाचा जोर वरच्या आरपीएमला सरकतो, त्यामुळे ते घाटात कुटुंबासाठी आजच्यापेक्षा वाईट चालेल.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, फिल्टरचा डबा उघडून नाकापर्यंत तपासा आणि फिल्टर बदलून घ्या. स्कॅनर विकत घेण्याची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमध्ये अर्ध्या तासासाठी मिळेल. मग मला चार आकडे कळवा: इंजिन बंद असतानाचा दाब, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पॅडलला ५,५०० आरपीएमवरचा दाब, त्या क्षणी थ्रॉटल किती टक्के उघडले होते, आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान. हाच शेवटचा आकडा साखरप्याच्या चढाला ट्रकच्या मागे असतानाही शेजारच्याने टिपून ठेवला तर फार बरे. पूर्ण पॅडलचा दाब ९० च्या खाली असेल तर गॅरेजवाल्यांना काही कळवण्याआधी मला लिहा. अडथळा नेमका कुठे आहे ते आपण मिळून शोधू.